तुरीच्या वांझ रोगामागे परभणी, पाटणचेरू, बेंगळुरू

पीएचडीला तुरीचा वांझ रोग हा विषय घेतला तेव्हा मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "परभणीच्या एका प्लॉटवर वाणाची प्रतिकारशक्ती ठरवू नकोस." या रोगात झाड झुडपासारखं माजतं, पानं फिकट पडतात आणि फुलं लागतच नाहीत. 1931 मध्ये बिहारमधल्या पुशात त्याची पहिली नोंद झाली, पण त्यामागचा विषाणू हाती लागायला जवळपास सत्तर वर्षं गेली. त्यात हा विषाणू सगळीकडे सारखा नाही. बेंगळुरूकडचा हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्यापेक्षा जहाल. म्हणून शेजारच्या राज्यांची साथ हवीच होती.

बियाणं पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीतून आणलं. तुरीचे तेरा हजारांवर नमुने तिथे जपलेत. बी हातात पडण्याआधी आंतरराष्ट्रीय करारावर सही करावी लागते: मिळालेल्या बियाण्यावर, इतरांची वाट अडेल असा हक्क सांगायचा नाही. ही अट मला मनापासून पटते. सह्यांची फाइल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर बरीच फिरली.

रोग मुद्दाम लावायचा कसा, ते पाटणचेरूला शिकले. डोळ्यांना न दिसणारा एक कोळी (माइट) हा विषाणू पसरवतो. रोगट पान दुमडून, त्याची खालची बाजू रोपाच्या पहिल्या कोवळ्या पानाला चिकटेल असं बसवायचं आणि साध्या स्टेपलरने टाचायचं. रोगट पान सुकू लागलं की कोळी निरोगी पानावर सरकतात. रोपं जेमतेम दोन पानांची असतात, हात जरा जड पडला की देठच तुटतो. शेजारी 'मारुती' वाणाची ओळ लावतात. मर रोगाला दाद न देणारा हा वाण वांझ रोगाला लगेच बळी पडतो. त्याच्यावर रोग दिसला नाही, तर अख्खी चाचणी बाद.

डीएनएचं काम परभणीतच झालं. तुरीच्या जून पानांत फिनॉल ही रसायनं फार, अर्क तपकिरी होतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) चालत नाही. शेंड्याची कोवळी पानं आणि अर्क काढायच्या द्रावणात (बफरमध्ये) फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी, एवढ्याने काम सुधारलं. मार्कर, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखायच्या डीएनएतल्या खुणा, शोधताना तुरीच्या 'आशा' वाणाच्या जीनोमचा (संपूर्ण डीएनए-आराखड्याचा) मोठा आधार झाला. 2011 च्या अखेरीस अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तो प्रसिद्ध केला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला.

बेंगळुरूच्या सहकाऱ्यांचे आकडे आले आणि सरांचं बोलणं खरं ठरलं. पाटणचेरूला ठणठणीत असलेल्या काही लाइन (चाचणीतले तुरीचे नमुने) तिथे पिवळ्या पडल्या होत्या. त्या एकाच ठिकाणी पाहिल्या असत्या, तर प्रतिकारक्षम म्हणून शेतकऱ्यांपर्यंत गेल्या असत्या.

असं संयुक्त काम हाती घेणाऱ्यांनी कराराची फाइल जानेवारीतच पुढे सरकवावी. तूर जूनमध्ये पेरावी लागते. बी उशिरा आलं तर अख्खं वर्ष जातं. आणि रोगाची टक्केवारी कोणत्या अवस्थेत, किती झाडांवर मोजायची, हे तिन्ही केंद्रांनी पेरणीआधी लिहून ठरवावं.