बोल्ट आवळू नका, दांडा मोजा

सायकलची सीट खाली सरकतेय हे आधी गुडघ्याला कळतं. नागपुरात प्रतापनगरहून निघताना बरोबर असलेली सीट सेमिनरी हिल्सचा चढ संपेस्तोवर दोन बोटं खाली आलेली असायची. सायकल मामांची, त्यांनी अमेरिकेहून आणलेली जुनी कॅननडेल. या कंपनीने १९८३ साली पहिली सायकल काढली तीच जाड नळ्यांची, अ‍ॅल्युमिनियमची. फ्रेम आजही ठणठणीत आहे.

जो तो एकच सांगे, सीटचा बोल्ट आवळा. बर्डीवरच्या आमच्या मेकॅनिक काकांनी मात्र पाना बाजूला ठेवला. "ताई, याच्यापुढं आवळला तर कान चिरते न जी. लोखंड असतं तर डाग मारून दिला असता, याले कोण मारन?" त्यांचं खरंच होतं. या फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात. कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा डाग दिला की तेवढा भाग मऊ पडतो.

मग त्यांनी सीटचा दांडा फ्रेमच्या ज्या नळीत बसतो तिची खाच बोटाने दाखवली. खाचेच्या दोन्ही बाजूंचे कान, ज्यांतून बोल्ट जातो, एकमेकांना टेकले होते, म्हणजे आवळायला जागाच उरली नव्हती. दांडा बाहेर काढून खालच्या टोकाशी कोरलेलं जाडीचं माप वाचलं: २७.० मिलिमीटर. भाच्याचा व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, नळीत घातला तर २७.२. मधे कधीतरी कुणीतरी 'बसतोय ना' म्हणून भलताच दांडा ठोकून दिलेला. हे दांडे ०.२ मिलिमीटरच्या फरकाने मिळतात, म्हणून जवळचं माप बसल्यासारखं वाटतं आणि सरकतं.

कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. दांड्याला त्याच्या पट्टीचा एक वेढा दिला की दोन्ही बाजू मिळून ०.२, अगदी हवं तेवढं. दांड्याचा घेर ८५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पट्टी ८३ची कापली. टोकं एकमेकांवर चढली तर तिथे फुगवटा येतो. वरची कड बाहेर दुमडली, नाहीतर पट्टी नळीत गडप होते. सांधा फ्रेमच्या खाचेसमोर ठेवला. कापलेली कड ब्लेडसारखी असते, तेव्हा हातमोजे घालाच.

नळी आतून रॉकेलने पुसून घेतली. कोरडंच बसवू नये, पावसाळ्यात अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा गंज धरतो आणि दांडा कायमचा जाम होतो. ग्रीसऐवजी मी कार्बनच्या सायकलींना लावतात ती रवाळ पेस्ट लावली. ती ओल अडवते आणि पकडही देते.

आता फुटाळ्याला चक्कर मारून आले तरी दांड्यावर खुणेला लावलेली टेप जागची हलत नाही. २७.२चा दांडा मागवलाय, तोवर पट्टी आहेच. फक्त दांडा निदान किती आत हवा हे दाखवणारी त्याच्यावरची रेघ नळीबाहेर दिसत असेल तर हा उद्योग करू नका. तिथे लांब दांडाच हवा.