मशेरीची डबी आणि सिगारेटचा रुबाब

आमची आजी रोज पहाटे तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजत असे आणि तिचा ठसका माडीपर्यंत पोहोचला तरी घरातला एकही पुरुष काही बोलल्याचे मला आठवत नाही. भाजलेली मशेरी चुरून ती पत्र्याच्या डबीत भरी आणि मग ओट्यावर बसून तर्जनीने दातांवर फिरवी. हीच आजी पडद्यावर सिगारेट ओढणारी बाई दिसली, की ‘शोभतं का हे बाईमाणसाला?’ म्हणून तोंड फिरवी. तंबाखू दोन्हीकडे होतीच; खटकत होती ती धुरामागची बेफिकिरी.

ही बेफिकिरी विकता येते, हे अमेरिकेत फार आधी ओळखले गेले होते. 1929 साली ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी चारचौघांत सिगारेटी पेटवल्या आणि त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव मिळाले. प्रत्यक्षात तो देखावा जनसंपर्क व प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी जुळवून आणला होता.

आज पुण्यातल्या टपरीवर सिगारेट ओढणाऱ्या मुलीकडे लोक वळून पाहतात, शेजारच्या मुलाकडे पाहत नाहीत, आणि मला त्या धुरात रुबाब दिसत नसला तरी हा भेद त्याहून अधिक खुपतो. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील 2 टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या आढळल्या, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या 12.8 टक्के, चर्चा मात्र बहुधा त्या दोन टक्क्यांचीच होते.