एका दोनाची गोष्ट

तिकडे नेमकं काय करतोस, असं सगळे विचारतात. नॅनो पातळीवरच्या भौतिकीचा अनेक खंडांचा अवाढव्य संदर्भग्रंथ तयार होतोय, त्यातल्या एका खंडाचा मी सहायक संपादक. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आई म्हणाली, हे तर तू लहानपणापासून फुकट करतोयस.

गेल्या आठवड्यात माझीच चूक निघाली. काही अणूंच्या रुंदीच्या वाटेतून वीज जाते तेव्हा वाहकता सलग वाढत नाही, पायऱ्यांनी वाढते. पायरीची उंची म्हणजे इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक. स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुणधर्म) दोन प्रकारचे, म्हणून बरेच जण ती दुप्पट धरतात. क्वांटम हॉल परिणामात, म्हणजे अतिपातळ थरावर जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं की दिसणाऱ्या अशाच पायऱ्यांत, ते क्षेत्र स्पिन वेगळे करतं, म्हणून त्यावर काम करणारी मंडळी एकपटच धरतात. रोधात (म्हणजे उलट करून) सांगायचं तर दुप्पट धरली की १२.९ किलोओम, एकपट धरली की २५.८. दोन्ही बरोबर. पण एकाच खंडात, या पायरीच्या एकाच चिन्हाला दोन किमती? वाचणाऱ्या विद्यार्थ्याने कुठली घ्यायची?

मला ते दिसलं होतं. सोडून दिलं. लेखक या क्षेत्रातला दादा माणूस, त्याला दोनाचा पाढा मी शिकवायचा? मुख्य संपादकबाईंनी दोन ओळींचा मेल टाकला. ना आदर, ना दिलगिरी. तासाभरात उत्तर: 'बरोबर. बदललं.' बस्स! मी चार दिवस ज्याला घाबरलो ते तासाभरात संपलं.

याच बाई आकडा आणि एकक यांच्यामध्ये मोकळी जागा सुटली नाही म्हणून मला तीन मेल पाठवतात, हेही नोंदवून ठेवतो.

आणि आपल्याकडे शिकलेल्यांची नजर कमी असते असं कुणी समजू नये. ग्राफीनच्या (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराच्या) प्रकरणात ०.१४२ नॅनोमीटरला जालक स्थिरांक, म्हणजे अणूंची नक्षी जितक्या अंतराने पुन्हा तशीच येते ते अंतर, म्हटलं होतं. ते शेजारच्या दोन कार्बन अणूंमधलं अंतर, स्थिरांक ०.२४६. ते मीच पकडलं आणि लगेच कळवलंही. लेखक नवखा होता, ही गोष्ट वेगळी.

आज नवं प्रकरण आलंय, माझ्या पीएचडीच्या गाइड सरांचं. अर्ध्या आकृत्या अँगस्ट्रॉममध्ये (नॅनोमीटरचा दहावा भाग), अर्ध्या नॅनोमीटरमध्ये. सकाळपासून मेल लिहितोय. 'आदरणीय सर, तब्येत कशी आहे?' इथवर आलोय.