मॉरिसचे पाटे आणि आग्रा रोडची दोरी

माझी १९६७ची मॉरिस मायनर मागून बसली होती. चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा २८ मिलिमीटर खाली. इंग्लंडमध्ये २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे पाट्यांकडे, मागच्या चाकांवर भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांकडे, मालकानेच बघायचं.

ऑक्सफर्डमधल्या एका गॅरेजने पाटे थंडेच प्रेसखाली वाकवून दिले. आठ महिन्यांत गाडी होती तिथे आली.

बाबांना नाशिकला फोन केला. आमच्या ॲम्बॅसेडरच्या डिकीत त्यांनी पिंपळगावहून द्राक्षांचे क्रेट कितीतरी हंगाम वाहिलेत, त्यामुळे बसलेले पाटे त्यांच्या ओळखीचे. शिवाय ॲम्बॅसेडर बेतलेली मॉरिस ऑक्सफर्ड या मॉडेलवर, म्हणजे माझ्या गाडीची चुलत बहीणच. ते म्हणाले, "फोनवर नाही कळायचं गं. डिसेंबरात येशील तेव्हा दाखवतो."

नाशिकच्या द्वारका चौकापुढे, आग्रा रोडला त्यांचा जुना पाटेवाला. तिथे एका जीपचे पाटे उघडायचे होते. मधला बोल्ट सोडण्याआधी त्याने संचाला शिकंजा आवळला, नाहीतर ताणलेले पाटे उसळून अंगावर येतात. मग मेन पाट्याच्या एका डोळ्यातून (टोकाच्या गोल वळशातून) दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणली आणि मधोमध पट्टी धरून कमान किती उरली ते मोजलं. चांगल्या बाजूच्या पाट्याची रेघ खडूने फरशीवर काढली. त्या रेघेइतकं नेमकं काम मी कुठल्याच कॉम्प्युटरवर पाहिलेलं नाही.

पाटा भट्टीत साधारण ९०० अंशांना लाल करायचा, रेघेवर वाकवायचा, तेलात विझवायचा आणि पुन्हा ४५०-५०० अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. "नुसता ठोकला तर आकार येतो ताई, ताकद नाही येत," तो म्हणाला. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्यात खाच पाडली असेल, तर तो पाटा तो भट्टीत घालतच नाही. चीर तिथूनच सुरू होते. जादा पाटा घालून गाडी उचलायचं मी विचारलं, तेव्हा बाबाच आधी नाही म्हणाले. गाडी वर येते, पण प्रत्येक खड्डा पाठीला कळतो.

ऑक्सफर्डला परतल्यावर भट्टीचं काम करणारा कारागीर शोधला. दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच दिले. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि पाट्याच्या डोळ्यातले रबरी बुश नवे घातले.

बसवून झाल्यावर व्हिडिओ कॉल लावला. बाबांचा पहिला प्रश्न: "बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर ठेवून आवळलेस ना?"

नव्हते आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. सगळे ढिले केले, गाडी खाली घेतली, दोनदा हलवली, मग आवळले. ३०० किलोमीटरनंतर यू-बोल्टही पुन्हा तपासले.

आता फरक ३ मिलिमीटर आहे. बाबांनी तो आकडा ॲम्बॅसेडरच्या जुन्या वहीत लिहून घेतलाय.