पुरावा काय, म्हणे!

तोंडी आठवणीला कुणी पुरावा मागितला की मला एक लांबचं बेट आठवतं. क्युरासाओ, कॅरिबियन समुद्रातलं डचांचं बेट. १७ ऑगस्ट १७९५ ला तिथल्या क्निप मळ्यावरच्या गुलामांनी काम टाकलं. पुढारी ‘तुला’ नावाचा, तोही गुलामच. रविवारी जुंपू नका, एकाच्या चुकीपायी सगळ्यांना झोडू नका, आम्हाला मोकळं करा, असं साधंच मागणं. ३ ऑक्टोबरला त्याला हाल हाल करून मारलं. त्याचं म्हणणं आज वाचायला मिळतं, कारण समजूत घालायला पाठवलेल्या स्किंक नावाच्या पाद्र्यानं ते लिहून ठेवलं. म्हणजे तेही दुसऱ्याच्याच लेखणीतून.

गुलामगिरी संपली १ जुलै १८६३ ला. पुढं शंभरएक वर्षांनी ब्रेनेकर हा पाद्री आणि एलिस जुलियाना हा तिथलाच कलावंत टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे गेले. त्यातल्या कित्येकांचे आईबाप, आजीआजोबा गुलामीत राबलेले. गाणी निघाली, गोष्टी निघाल्या. एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: ज्यानं मीठ खाल्लं नाही, तो उडून आफ्रिकेत परत जाऊ शकतो. त्या बेटावर गुलामांना मिठागरांत राबवत. आता या गोष्टीला कुठल्या दप्तराचा शिक्का आणायचा?

हे सगळं आठवायचं कारण आमची सेटलमेंट. सोलापुरात या नावानं रिक्षावाला बरोबर सोडतो. तिथं कुंपण का होतं, ते विचारलं तर मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, अशा तारेच्या वस्त्यांत कोंडल्या. कायदा गेला १९५२ मध्ये. गुलामी आणि हे एकच, असं मी म्हणणार नाही. तिथं माणूस विकला जाई. पण कागद कुणाच्या हातात होता, ते दोन्हीकडे सारखंच.

ओळखीतल्या एक आजी त्यातल्याच कैकाडी जमातीच्या, तेव्हा लहान होत्या. अंगठा उठवून द्यायच्या हजेरीचं विचारलं की आधी आईच्या अंगठ्याचं सांगतात. "शाई जायाची न्हाई बग. भाकरी थापताना पिठावर काळा ठिपका." मोबाईल समोर ठेवला की पदर नीट करतात, मग बोलतात.

इतिहास शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना ऐकवलं. "छान आहे, पण पुरावा काय?" म्हणाले. हजेरीबुकात फार तर अंगठा सापडेल हो, भाकरीवरचा ठिपका कोण लिहून ठेवणार होतं? तुलाला क्युरासाओनं राष्ट्रवीर ठरवलं ते २०१० मध्ये, डच सरकारनं त्याच्यावरचा डाग पुसला २०२३ मध्ये. आमच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. रविवारी त्यांच्या धाकट्या बहिणीकडे जायचंय. तिला गाणी जास्त येतात, असं आजीच म्हणतात.