माणशी पाच डॉलर, 1875 पासून

माणशी पाच डॉलर, वर्षाला, कॅनडा सरकार इथल्या मूळ रहिवाशांना जुन्या कराराप्रमाणे देतं. रक्कम 1875 साली ठरली आणि आज दीडशे वर्षं झाली तरी तेवढीच आहे, ना व्याज ना महागाई भत्ता. मला हे ऐकून माहीत होतं, पण ह्या उन्हाळ्यात विनिपेगच्या फोर्क्सवर, म्हणजे रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमावर, प्रत्यक्ष बघितलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. टेबलं मांडलेली, याद्या घेऊन बसलेले केंद्र सरकारचे कर्मचारी, शेजारी लाल कोटातला आरसीएमपीचा, म्हणजे केंद्रीय पोलीस दलाचा, पोलीस आणि समोर ही भली मोठी रांग. कार्ड दाखवायचं, यादीत नाव सापडलं की कोरी करकरीत पाचाची नोट हातावर. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, त्या पोराने नोटेच्या पारदर्शक पट्टीला डोळा लावून आजीकडे बघितलं आणि आजी जोरात हसल्या.

माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण अनिशिनाबे आहे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजाची, तिला मी सरळ विचारलं की पाच डॉलरसाठी एवढा वेळ उन्हात का उभं राहायचं? ती म्हणाली, पैशासाठी कोण येतंय, वर्षातून एकदा सरकारने समोर बसून कबूल करायचं की करार अजून चालू आहे, म्हणून आम्ही येतो. घेणं सोडलं तर उद्या म्हणतील करार संपला.

तर हा करार म्हणजे ट्रीटी वन. 3 ऑगस्ट 1871 ला लोअर फोर्ट गॅरीला झाला, अनिशिनाबे आणि स्वाम्पी क्री लोक एकीकडे आणि ब्रिटनच्या राणीच्या वतीने कॅनडा सरकार दुसरीकडे. पुढे 1921 पर्यंत असे अकरा नंबरवार करार झाले आणि त्यांच्यावरच हा बराचसा पश्चिम कॅनडा उभा आहे. ट्रीटी वनमध्ये पाच माणसांच्या कुटुंबामागे 160 एकर जमीन राखीव आणि माणशी वर्षाला तीन डॉलर लिहिले होते. बोलणी आठवडाभर चालली, सगळी तोंडी, दुभाष्यांमार्फत, आणि त्यात नांगर, बैल, गाई, कपडे असं बरंच काही कबूल केलं गेलं होतं, पण कागदावर ते आलंच नाही! लोकांनी चार वर्षं तगादा लावला तेव्हा कुठे 1875 मध्ये त्यातलं काही करारात जोडलं गेलं आणि तिनाचे पाच झाले. तेच हे पाच.

कागदावर लिहिलंय की लोकांनी जमीन कायमची सोडून दिली. त्यांच्यातले जाणते लोक मात्र पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की आम्ही जमीन वाटून घ्यायला तयार झालो, विकली नाही, आणि तीसुद्धा नांगराचा फाळ जातो तेवढ्याच खोलीपर्यंत, त्याखालचं काही दिलेलं नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ही भाषा समजवून सांगावी लागत नाही.

आता ज्यामुळे मी हे लिहायला बसले ते. आपल्या लोकांचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचं जेवण, होतं, मी फोर्क्सची गोष्ट सांगितली, आणि लगेच सुरू झालं. ह्यांना सगळं फुकट मिळतं, हे टॅक्स भरत नाहीत, आपण राबतो आणि हे मजा करतात. हे मी इथे आल्यापासून ऐकतेय, आणि बोलणारे सगळे शिकलेले, चांगल्या नोकऱ्यांमधले लोक. अहो, टॅक्सची सूट इंडियन अ‍ॅक्ट ह्या मूळ रहिवाशांसाठीच्या कायद्याखाली आहे आणि ती मुख्यतः रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखीव जमिनीवर, असलेल्या मालमत्तेला आणि रिझर्व्हवरच्या कमाईला आहे, ती पण स्टेटस, म्हणजे त्या कायद्याखाली सरकारी नोंद, असेल तर. शहरात नोकरी करणारी माझी मैत्रीण माझ्याएवढाच टॅक्स भरते. आणि फुकट म्हणजे काय? ज्या जमिनीवर आपण मॉर्गेज काढून घरं घेतली तिच्या बदल्यात दिलेले शब्द आहेत हे, आणि तेही धड पाळलेले नाहीत. कोर्टात जायचं म्हटलं तर 1927 ते 1951 त्यांना दावे लढायला पैसे गोळा करण्यावरसुद्धा कायद्याने बंदी होती, म्हणजे वकीलसुद्धा करायचा नाही. हे सगळं मी बोलले, आवाज थोडा चढला, आणि मग कुणीतरी बिर्याणी गरम करायला उठलं आणि विषय बदलला. मला अजून राग आहे.

पाण्याचं तर काय सांगू. विनिपेगच्या नळाला 1919 पासून शोल लेकचं पाणी येतं, दीडशे किलोमीटरवरून, आणि खरंच इतकं गोड आहे की आई-बाबा आले होते तेव्हा त्यांनी पण कौतुक केलं. ते पाणी जिथून उचलतात तिथे शोल लेक 40 नावाचं अनिशिनाबे गाव आहे, 1873 च्या ट्रीटी थ्रीमधलं. कालव्यासाठी त्यांची जमीन घेतली, खोदकामामुळे गाव बेटासारखं तुटलं, आणि त्याच गावाला 1997 पासून 2021 पर्यंत पाणी उकळून प्या असा इशारा होता. चोवीस वर्षं! आम्ही थेट नळाचं पाणी पीत होतो आणि ज्यांचं तळं ते बाटलीचं पाणी आणत होते. त्या तुटलेल्या गावाला जोडणारा रस्ता झाला 2019 मध्ये, त्याला फ्रीडम रोड म्हणतात.

पण एक गोष्ट मी मनापासून मानते, ती म्हणजे इथे कागद मरत नाही. 1982 च्या राज्यघटनेत कलम 35 मध्ये ट्रीटीचे हक्क मान्य केलेत. ओंटारिओत 1850 चे रॉबिन्सन करार आहेत, त्यात लिहिलं होतं की जमिनीतून उत्पन्न वाढलं तर वार्षिक रक्कम वाढवू. त्या पट्ट्यातून सडबरीचं निकेल निघालं, लाकूड गेलं, आणि रक्कम 1875 पासून माणशी चार डॉलरवर थांबलेली. लोक कोर्टात गेले, 2018 ला त्यांच्या बाजूने निकाल, 2023 ला ह्युरन सरोवराच्या बाजूच्या 21 समाजांबरोबर 10 अब्ज डॉलरचा समझोता, आणि जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सरकारने वचन मोडलंय. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कागद घेऊन कोर्टात उभं राहायचं आणि जिंकायचं. आपल्याकडे कोयनेला साठ वर्षं झाली, शंभरेक गावं पाण्याखाली गेली आणि प्रकल्पग्रस्तांची नातवंडं अजून दाखले घेऊन ऑफिसच्या पायऱ्या चढतायत.

मात्र इथले लोक जेव्हा भारत म्हणजे काहीच नाही असा चेहरा करतात तेव्हा मलाही बोलावं लागतं. आमच्याकडे 2006 चा वनहक्क कायदा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, पुढे स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकला, आणि दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तर त्याच्याही आधीची. ऑफिसमध्ये मी हे सांगितलं तर माझी मैत्रीण सोडून कुणाला फार रस नव्हता. तिने मात्र गावाचं नाव लिहून घेतलं.

मला विचाराल तर आम्ही कुणाची जमीन लुटायला आलो नाही, व्हिसा काढून आलो, घराचे हप्ते भरतो, ह्यात मला कमीपणा वाटत नाही. पण 2021 पासून नागरिकत्वाच्या शपथेत ट्रीटीच्या हक्कांचा उल्लेख आलाय, मी ती घेतलीय, पॉटलकमधल्या अर्ध्या लोकांनी पण घेतलीय. सरकारच्या बाजूने जे कबूल केलं गेलं ते आता आपल्या बाजूचं पण आहे, आपण त्या सरकारचे नागरिक आहोत ना?

उन्हाळ्यात कुणी इकडे येणार असाल तर लोअर फोर्ट गॅरी नक्की बघा, विनिपेगहून उत्तरेला गाडीने अर्धा-पाऊण तास, सेलकर्कच्या अलीकडे. आणि शहरात केनस्टन बुलेवार्डवर कॅपयाँग बॅरक्स ह्या जुन्या लष्करी छावणीची जागा बघा. सैन्य 2004 मध्ये तिथून गेलं, ट्रीटी वनच्या समाजांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून शेवटी सरकारशी समझोता करून जागा मिळवली, आणि 2022 पासून तिचा बराचसा भाग म्हणजे नावी-ऊडेना नावाची त्यांची शहरातली रिझर्व्ह आहे. मी रोज ऑफिसला त्याच रस्त्याने जाते, कुणी आलात तर मी घेऊन जाईन.