एप्रिलपर्यंत जुळलेली बेरीज

सोसायटीचं खजिनदारपद गळ्यात पडलं तेव्हा वहीऐवजी मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. वर्षभराची मेंटेनन्सची जमा एका यादीत, आरंभीची शिल्लक वेगळी, आणि शेवटी 'सम(जमा, शिल्लक)'. 'सम' म्हणजे इंग्रजी sum, बेरीज करणारी आज्ञा. पायथनच्या 'सम'ला दुसरा आकडा दिला की बेरीज त्या आकड्यापासून सुरू होते. सोसायटी नवी, खातं नवं, शिल्लक शून्य. वर्षभर हिशेब पैशापैशाला जुळला.

एप्रिलात आरंभीची शिल्लक १८,४५० टाकली आणि एरर आली: अ‍ॅक्सिस १८४५० मर्यादेबाहेर. अहो, मेंटेनन्सला कसला आलाय अक्ष?

फाइलच्या डोक्यावर माझीच ओळ होती: 'फ्रॉम नमपाय इम्पोर्ट स्टार', म्हणजे नमपाय या आकडेमोडीच्या तयार कोडमधलं सगळं आत घे. थकबाकीची सरासरी काढायची म्हणून आळसाने अख्खं नमपाय घरात घेतलं होतं. त्याच्याबरोबर त्याचं स्वतःचं 'सम' आलं आणि मूळच्या 'सम'च्या जागी बसलं. त्याच्या लेखी दुसरा आकडा म्हणजे बेरीज कुठल्या अक्षावर, म्हणजे तक्त्याच्या उभ्या-आडव्या कुठल्या दिशेने, करायची ते. साध्या यादीला शून्य क्रमांकाचा अक्ष असतोच, म्हणून वर्षभर काही कळलं नाही. शिल्लक उणे एक असती तर एररही आली नसती. उणे एक म्हणजे शेवटचा अक्ष असं समजून त्याने एक रुपया जास्त दाखवला असता, आणि तो शोधत मी ऑडिटरसमोर बसलो असतो.

आता 'इम्पोर्ट नमपाय अ‍ॅज एनपी'. आमच्या इमारतीत तीन कुलकर्णी आहेत. 'बी विंगचे कुलकर्णी' म्हटल्याशिवाय वॉचमन पार्सलला हात लावत नाही. 'एनपी डॉट सम'चं तसंच आहे: 'एनपी' हे नमपायचं टोपणनाव, ते लावल्याशिवाय त्याचं 'सम' येत नाही. तारीख-वेळेच्या 'डेटटाइम'चंही तेच दुखणं: मॉड्यूलचं (तयार कोडच्या संचाचं) नाव तेच, आतल्या क्लासचंही तेच. म्हणून तिथे 'अ‍ॅज डीटी'. मात्र टोपणनावं चारचौघांत रुळलेलीच घ्यावीत. मी एकदा 'एन' ठेवलं होतं. पुढे लूपमध्ये तेच अक्षर मोजणीला वापरलं आणि पुन्हा घोळ.

एक हौस मात्र भागवून घेतली. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, म्हणून 'फ्रॉम बिल्टइन्स इम्पोर्ट सम अ‍ॅज बेरीज'. म्हणजे पायथनच्या मूळच्या 'सम'ला 'बेरीज' हे नाव. दर वेळी कीबोर्ड बदलावा लागतो, ऑफिसच्या कोडमध्ये मी हे करणार नाही. पण 'बेरीज(जमा, शिल्लक)' ही ओळ सेक्रेटरी काकांनी चष्मा न लावता वाचली आणि विचारलं, "यात लिफ्टचे पैसे धरलेत ना?"

धरले नव्हते.